दहा डॉलर पुरे झाले!

मंडळी, दरवर्षी या स्मरणिकेत आपण गणपतीच्या आरतीचे, सहलीचे, नाटकाच्या तालमीचे फोटो बघतो आणि एकमेकांची पाठ थोपटतो. थोपटावीच, कार्यकर्ते राबतात बिचारे. पण यंदा मला जरा भांडायचं आहे. संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "खाण्यापिण्यावर हलकंफुलकं काहीतरी लिहा." खाण्यावरच लिहिते आहे. हलकंफुलकं होईल याची मात्र खात्री देत नाही.

विषय आहे आपल्या कोपऱ्यावरचं थाई रेस्टॉरंट. अमेरिकेत कुठल्याही गावात जा, स्ट्रिप मॉलमध्ये एका बाजूला ड्राय क्लीनर, दुसऱ्या बाजूला नेल सलून आणि मधे हे असतंच. दारात सोनेरी हत्ती, कोपऱ्यात छोटासा देव्हारा, त्यापुढे संत्रं आणि पाण्याचा पेला. मालकीणबाई गल्ल्यावर आणि नवरा नाहीतर भाऊ स्वयंपाकघरात. आम्ही इथे कॅरीला आलो त्याला आता चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून वाढदिवस, प्रमोशन, पाहुणे आणि 'आज स्वयंपाकाचा कंटाळा आलाय' या सगळ्यावर आमचा एकच उपाय, थाई! तुमचंही तसंच असणार. का नसावं? भात आहे, नारळाचं दूध आहे, चिंच आहे, दाण्याचं कूट आहे, मिरची आहे. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं? शिवाय शाकाहाऱ्यांसाठी टोफू असतोच. अमेरिकन जेवणाला कंटाळलेल्या मराठी जिभेला या लोकांनी किती वर्षं सांभाळून घेतलं आहे, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आणि आपण त्यांना कसं सांभाळलं? त्याचा हिशेब मला माझ्या लेकीने दिला.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती कॉलेजच्या गावीच राहिली आणि तिथल्या एका लहानशा थाई रेस्टॉरंटात वेट्रेसचं काम करू लागली. आम्हा दोघांना ते फारसं रुचलं नव्हतं. नवरा म्हणाला, "लायब्ररीत काम नाही का मिळत?" पण ती ऐकणाऱ्यांतली नाही. एका शुक्रवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

त्या संध्याकाळी तिच्या टेबलावर अकरा मराठी माणसं आली होती. रिझर्व्हेशन नव्हतं, पण मालकिणीने तीन टेबलं जोडून दिली. यांचं मराठी ऐकून पोरगी खूष झाली, आणि आपण मराठी आहोत हे सांगायला योग्य क्षण शोधू लागली. तेवढ्यात एक काका शेजारच्यांना म्हणाले, "इंडियन दिसतेय. आंध्रची असेल." दुसरे म्हणाले, "बघ, आईबापांनी एवढं करून इथे आणलं आणि ही ताटल्या उचलतेय." सगळे हसले. झालं! तो योग्य क्षण पुन्हा काही आला नाही.

पुढचं तुम्हाला ओळखीचं वाटेल. सहा जणांना साधं पाणी हवं, पण लिंबाच्या फोडींसकट. मग टेबलावरच्या साखरेच्या पुड्या फोडून त्याचं सरबत. एका करीमधून मासा काढा, दुसरीत भाज्या वाढवा, पण त्याचे जास्त पैसे लावू नका. एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मेक इट इंडियन हॉट!" आणि दोन घास खाऊन ती डिश परत पाठवली. अडीच तासांनी बिल आलं, ३१२ डॉलर. ते पाच कार्डांवर वाटून हवं होतं. टिपची गोष्ट निघाली तेव्हा एका काकूंनी पर्समधून वीसची नोट काढली. त्यांचे यजमान म्हणाले, "कशाला? दहा डॉलर पुरे झाले. पाणीच तर आणून दिलं."

हे सगळं तिच्यासमोर, मराठीत.

मी तिला विचारलं, "अगं, मग तू मराठीत का नाही बोललीस? चांगली अद्दल घडली असती." ती म्हणाली, "त्यांना लाज वाटली असती, आई." थोडं थांबून म्हणाली, "मला पैशाचं वाईट नाही वाटलं. ती माणसं तुमच्यासारखीच बोलत होती. आली तेव्हा मला घरचं कुणी आल्यासारखं वाटलं होतं."

आठ वर्षं दर रविवारी मी या मुलीला मराठी शाळेत नेलं. बाराखडी, शुभंकरोति, 'मामाच्या गावाला जाऊ या', सगळं घोटून घेतलं. पुढे भाषा उपयोगी पडेल म्हणायचे. तर ती अशी उपयोगी पडली.

आता मी त्या अकरा जणांवर तोंडसुख घेऊन मोकळी झाले असते, तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मला आमच्या कोपऱ्यावरच्या थाई रेस्टॉरंटातल्या कितीतरी संध्याकाळी आठवल्या. लिंबाच्या फोडी मीही मागवल्या आहेत. चौदा माणसं घेऊन न सांगता मीही गेले आहे. "पुरे झाले" असं मी कदाचित म्हटलं नसेल, पण कुणी म्हटलं तेव्हा वीसची नोट परत पर्समध्ये ठेवणारी मीच होते. तेव्हा यात आरोपी मीही आहे, आणि म्हणूनच बोलायचा हक्क आहे असं समजते.

पहिली गोष्ट पैशाची, कारण आपल्याला आकडे समजतात. आपल्या नॉर्थ कॅरोलिनात टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं. फेडरल कायद्यातला हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. १९९१! तेव्हा आपल्यातले अर्धेअधिक लोक अजून भारतात होते. टिपा धरून आठवड्याची सरासरी तासाला ७.२५ डॉलरपर्यंत पोचली नाही तर उरलेलं मालकाने भरायचं असतं, आणि हा ७.२५ चा आकडाही २००९ पासून तसाच आहे. म्हणजे त्या अडीच तासांचा माझ्या लेकीचा मालकाकडून मिळणारा पगार सव्वापाच डॉलरच्या आसपास. ३१२ डॉलरवर १८ टक्के टिप धरली तर ५६ डॉलर होतात. तिला मिळाले दहा, आणि त्यातलेही काही ताटल्या उचलणाऱ्या मुलाला गेले. शुक्रवारची संध्याकाळ, जोडलेली तीन टेबलं अडीच तास अडलेली. 'पाणीच तर आणून दिलं' याचा भाव हा असा आहे.

यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "पगार देणं मालकाचं काम आहे, आपलं नव्हे." तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांत टिप धरून पगार कापायला परवानगीच नाही. तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. आपल्याकडेही तसं व्हावं असं वाटत असेल, तर ज्यांना मताचा अधिकार आहे त्यांनी आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहावं. मी सही करायला येते. पण कायदा चुकीचा आहे म्हणून त्याची शिक्षा शुक्रवारी रात्री समोर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोरीला? हे कसलं तत्त्व? हे तर फुकट मिळालेलं निमित्त!

दुसरं उत्तर जास्त भावनेचं असतं. "आम्ही आठ डॉलर खिशात घेऊन आलो होतो. आम्हाला पैशाची किंमत कळते." ज्या पिढीने ते आठ डॉलर घेऊन विमानात पाऊल ठेवलं, त्यांच्यापुढे मी मान खाली घालते. परकीय चलनाचे ते दिवस आमच्या वाट्याला आले नाहीत. पण त्यांच्यातल्याच कितीतरी जणांनी विद्यार्थी असताना कॅफेटेरियात बशा विसळल्या आहेत, आणि ते किस्से आपण याच स्मरणिकेत कौतुकाने वाचले आहेत. मग आज बशा उचलणाऱ्या मुलीला बघून 'आईबापांनी एवढं केलं आणि ही...' हे कुठून येतं? मंडळी, काटकसर हा मोठा गुण आहे, पण ती आपल्या ताटात करायची असते, दुसऱ्याच्या नाही. परवडत नसेल तर घरी पिठलं-भात करावा, त्यासारखं सुख नाही. बाहेर जायचं, पोटभर खायचं आणि काटकसर मात्र वाढणाऱ्याच्या मजुरीत करायची, याला मराठीत वेगळा शब्द आहे. तो मी छापत नाही.

आता शाकाहार. आमच्या घरी सासूबाई कडक शाकाहारी होत्या, त्यामुळे यातलं दुखणं मला माहीत आहे. थाई स्वयंपाकात 'नाम प्ला' म्हणजे माशापासून केलेला खारट रस आपल्या मिठासारखा वापरतात. करीच्या वाटणात बहुधा 'कापी' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. भाज्या परततात त्यात ऑयस्टर सॉस असतो. म्हणजे मेन्यूवर 'व्हेजिटेबल रेड करी' लिहिलं असलं आणि वर टोफू तरंगत असला, तरी ती शाकाहारी असेलच असं नाही.

आपण काय करतो? वेट्रेसला पाच मिनिटं उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतो, "नो मीट, नो चिकन, नो एग?" ती मान हलवते. माशाच्या रसाबद्दल आणि वाटणाबद्दल मात्र विचारत नाही, कारण उत्तर 'आहे' असं आलं तर उठून जावं लागेल. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातला प्रकार! आणि पुढे केव्हातरी कळलं की "या लोकांनी फसवलं" म्हणून गावभर सांगायचं. फसवलं कुणी? आपण अर्धाच प्रश्न विचारला होता.

पूर्ण प्रश्न विचारायची सोय त्यांच्या भाषेतच आहे. थाई भाषेत शाकाहाराला 'मांगसविरत' म्हणतात. जरा कान देऊन ऐका, मांस आणि विरती! त्याहून कडक असतं ते 'जे'. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. चिनी वंशाच्या थाई लोकांकडून आलेला हा आचार आहे. फुकेतला दरवर्षी नऊ दिवसांचा मोठा उत्सव असतो, तेव्हा हजारो माणसं 'जे' पाळतात. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे हे पहिले नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राबरोबरच येतात. २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी बसले होते. आपली आजी नवरात्रात कांदा-लसूण बंद करायची, तेव्हा तिकडचीही एखादी आजी तेच करत होती! तेव्हा थाई माणसाच्या हॉटेलात 'जे होईल का?' असं विचारा. ती बाई नक्की समजेल. आणि तिने "आज नाही जमणार, वाटणात कोळंबी आहे" असं सांगितलं, तर तिचे आभार मानून भात आणि साधी परतलेली भाजी घ्या. खरं सांगणाऱ्या माणसावर चिडायचं नसतं.

तिसरा आरोप माझ्या मते सगळ्यात मोठा. जेवण रंगात आलं की आपल्यातला कुणीतरी विद्वान घसा खाकरतो आणि म्हणतो, "हे सगळं मूळ आपल्याकडूनच गेलेलं आहे बरं का!" मग सगळे माना डोलावतात, आणि समोरची बाई आपल्याच गड्याची मुलगी असल्यासारखी वाटायला लागते.

शब्द गेले आहेत, हे खरं. त्यांचं 'सवातदी' म्हणजे आपलं स्वस्ति, त्यांचं 'आहान' म्हणजे आहार. त्यांच्या देशात बेसिलच्या परतलेल्या भाजी-मांसात जे पान घालतात ते तर चक्क आपली तुळस. इथल्या हॉटेलांत पुष्कळदा तिच्या जातीचं दुसरं पान असतं, एवढंच. पण मिरची? ती ना आपली, ना त्यांची. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं आणि १५११ साली त्यांचा दूत सयामच्या राजधानीत, अयुथ्थयाला पोचला. मिरची आपल्याकडे आली ती याच लोकांच्या गलबतांतून, आणि तिकडेही त्यांनीच पोचवली असं मानतात. शेंगदाणाही अमेरिका खंडातलाच. ज्या ठेच्यावर आणि कुटावर आपण एवढा जीव टाकतो, त्याचं मूळ गाव आपण आज राहतो तो खंड आहे! आणि आपण डोळे झाकून मागवतो ते पाड थाई काही हजार वर्षांचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फिबून सोंगक्राम या पंतप्रधानांच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याचा प्रसार केला. त्याच राजवटीत १९३९ साली सयामचं थायलंड झालं. प्रत्येक पदार्थाला असा स्वतःचा इतिहास असतो. नातं जरूर सांगावं. मालकी सांगू नये.

एखादा अमेरिकन सहकारी "आय लव्ह इंडियन फूड, नान अँड टिक्का" म्हणाला की आपल्याला किती राग येतो! कोल्हापूर कुठे, पंजाब कुठे! आणि आपण स्वतः? "थाई म्हणजे चायनीजच, नारळ घातलेलं." वीस वर्षं एकाच रेस्टॉरंटात जेवून मला त्या मालकीणबाईंचं गाव माहीत नव्हतं. त्यांना मात्र आमच्या तिघांच्या ऑर्डरी पाठ होत्या.

कुणी म्हणेल, "अहो, एवढ्याशा गोष्टीचं केवढं हे! जेवायला जातो, पैसे देतो, येतो. ग्राहक राजा असतो." असेल. पण आपल्याकडे जेवणाऱ्याला राजा म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. आणि पाहुण्याचेही काही धर्म असतात, हे आपल्याला आजीने शिकवलं आहे. न सांगता गोतावळा घेऊन जाऊ नये. वाढलेलं टाकू नये. वाढणाऱ्याच्या तोंडावर तिच्याविषयी बोलू नये. 'अतिथी देवो भव' हे वाक्य आपण मंडळाच्या बॅनरवर लिहितो, पण ते यजमानाने म्हणायचं असतं. अतिथीने स्वतःच म्हणायला सुरुवात केली की त्याचा अर्थ फार वेगळा होतो.

आणखी एक विचार करा. थायलंडच्या सरकारने २००२ साली 'ग्लोबल थाई' नावाची मोहीम काढली. जगात तेव्हा साडेपाच हजार थाई रेस्टॉरंटं होती, ती आठ हजारांवर न्यायची असं ठरवून होतकरू मालकांना कर्जं आणि प्रशिक्षण द्यायची योजना आखली. आपल्या मिसळीमागे, थालीपीठामागे, सोलकढीमागे असं कुणी उभं नाही. कधीकाळी इथे कोपऱ्यावर मराठी खाणावळ निघालीच, तर ती आपल्याच कुणाची तरी लेक नाहीतर जावई कर्ज काढून काढणार आहे. तिच्याकडे अकरा माणसं न सांगता येतील, पाण्यात लिंबू मागतील, "आमच्या दादरला याहून चांगली मिळते" म्हणतील, आणि दहा डॉलर ठेवून जातील. किती दिवस चालेल ती? 'मराठी माणूस धंद्यात का पडत नाही' यावर आपण परिसंवाद घेतो. मराठी गिऱ्हाईक कसं असतं, यावर एकदा घेऊ या.

म्हणून कार्यकारिणीला माझी जाहीर विनंती आहे. नाटकानंतरचं, सभेनंतरचं एकत्र जेवण ठरेल तेव्हा आदल्या दिवशी फोन करून संख्या कळवावी. एकाने सगळं बिल भरावं, आपापसातले हिशेब घरी जाऊन करावेत. वीस टक्के टिप वर्गणीतच धरावी. म्हणजे ऐनवेळी कुणाच्या यजमानांना 'पुरे झाले' म्हणायची वेळ येणार नाही. खर्च परवडत नसेल तर पदार्थ कमी करावेत. आणि समोरच्या माणसाला आपली भाषा कळते असं धरूनच बोलावं. या देशात कुणाला काय कळतं, ते सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं आमच्या कोपऱ्यावर जेवायला गेलो. मालकीणबाईंना मी पहिल्यांदाच विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" त्या म्हणाल्या, "खोन केन." थायलंडच्या ईशान्येला आहे ते. मग मी विचारलं, "तुम्ही घरी काय खाता?" त्या हसल्या आणि कच्च्या पपईची कोशिंबीर घेऊन आल्या. खलबत्त्यात मिरची, लसूण, लिंबू घालून कुटलेली. चव बघून नवरा म्हणाला, "हा तर ठेच्याचा मावसभाऊ!" मावसभाऊ म्हणाला, 'आपल्याकडून गेलाय' म्हणाला नाही. चोवीस वर्षांत एवढी प्रगती बरी आहे.

घरी येताना लेकीचा फोन आला. आता ती मोठ्या शहरात नोकरी करते. कुठे गेला होता, काय खाल्लं, सगळं सांगितलं. तिने शेवटी एकच विचारलं, "आई, टिप किती ठेवलीस?"

मी आकडा सांगितला.

"पुरे झाले," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी दोघी मनापासून हसलो.